माध्यमिक शाळेचा विकास आराखडा: मागणीपत्रापासून सुधारणेपर्यंत

शाळेने स्वतःची स्थिती तपासून पुढच्या काळात काय सुधारायचे, ते कोणी आणि कधीपर्यंत करायचे, आणि सुधारणा झाली हे कशावरून ठरवायचे, याची लिहून काढलेली मांडणी म्हणजे शाळा विकास आराखडा. शासन, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिका चालवत असलेल्या माध्यमिक शाळांत तो दोन वेगळ्या गरजांपोटी लिहिला जातो. एक गरज प्रशासनाची. वर्गखोल्या किती हव्यात, शिक्षक किती कमी आहेत, निधी कुठे लागणार, हे वर कळले पाहिजे. दुसरी गरज शाळेची स्वतःची. नववीतली मुले गणितात का अडतात, दिवाळीनंतर पट का रोडावतो, प्रयोगशाळेचे कुलूप महिन्यातून किती वेळा निघते, अशा प्रश्नांवर वर्षभर नेमाने काम व्हावे, ही ती गरज. दोन्ही गरजा एकाच छापील नमुन्यात बसवल्या जातात आणि बहुतेक ठिकाणी पहिलीच दुसरीला गिळून टाकते. संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, संगणक यांची यादी तपशीलवार होते. अध्यापनाच्या रकान्यात मात्र ‘जादा तास घेणे’ आणि ‘पालकसभा घेणे’ एवढेच उरते.

सातत्यपूर्ण सुधारणेचा विचार या दुसऱ्या गरजेतून आला आहे. त्याचा उगम शिक्षणक्षेत्रात नाही, कारखान्यात आहे.

कल्पनेचा उगम

अमेरिकेतील बेल कंपनीत काम करणारे संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये उत्पादनातील चढउतार नोंदवणारा नियंत्रण आलेख मांडला. प्रत्येक प्रक्रियेत थोडाफार चढउतार असतोच. तो प्रक्रियेच्या रचनेतून येतो की एखाद्या विशेष कारणामुळे, हे आधी ओळखले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. एडवर्ड्स डेमिंग यांनी हा विचार पुढे नेला. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून त्यांनी तिथे व्याख्याने दिली आणि जपानी उद्योगांनी ती मनावर घेतली. योजना, कृती, अभ्यास आणि त्यावरून पुढचे पाऊल, असे चार टप्प्यांचे चक्र आज डेमिंग यांच्या नावाने ओळखले जाते. तिसऱ्या टप्प्याला ‘तपासणी’ म्हणण्यापेक्षा ‘अभ्यास’ म्हणावे, असा त्यांचा उत्तरायुष्यातला आग्रह होता. काम ठरल्याप्रमाणे झाले का, एवढेच तपासणीत पाहिले जाते. अभ्यासात आपला अंदाज कुठे चुकला आणि का चुकला, हेही पाहावे लागते.

शाळेच्या दृष्टीने डेमिंग यांचे सर्वांत मोलाचे सांगणे वेगळेच आहे. बहुतेक दोष काम करणाऱ्या माणसाचे नसून व्यवस्थेचे असतात, असे ते म्हणत. नववीच्या वर्गातली निम्मी मुले गणितात नापास होत असतील तर एकेका मुलाला आळशी ठरवून काही हाती लागत नाही, आणि एकट्या गणित शिक्षकाला धारेवर धरूनही लागत नाही. वेळापत्रक, आधीच्या इयत्तांतली कच्ची राहिलेली पायाभरणी, वर्गाचा पट, चाचणी आणि तिच्यानंतरची मदत यांत पडणारे अंतर, असे सगळे एकत्र पाहावे लागते.

हा विचार सार्वजनिक माध्यमिक शाळेत मुळापासून राबवल्याचे एक जुने उदाहरण अलास्कातील सिट्का गावच्या माउंट एजकंब हायस्कूलचे आहे. राज्य सरकारने १९८५ मध्ये पुन्हा सुरू केलेल्या या निवासी शाळेत दूरदूरच्या आदिवासी वस्त्यांमधली मुले येत. डेव्हिड लँगफर्ड या शिक्षकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे डेमिंग यांची पद्धत आणली. विद्यार्थी स्वतःच आपल्या शिकण्याच्या आणि शाळेच्या कामकाजाच्या नोंदी ठेवू लागले. छोट्या तासिकांत प्रयोग आणि चर्चा पुऱ्या होत नाहीत हे लक्षात आल्यावर दिवसाच्या तासिका नव्वद मिनिटांच्या चार करण्यात आल्या. वेळापत्रकासारखी ठरून गेलेली वाटणारी गोष्टही नोंदींच्या आधारे बदलता येते, हे या शाळेने दाखवले.

पुढे उद्योग आणि रुग्णालयांत काम करणाऱ्या सुधारणा-तज्ज्ञांनी या चक्राच्या आधी तीन प्रश्न ठेवले. नेमके काय साधायचे आहे? केलेला बदल म्हणजे सुधारणाच आहे, हे कशावरून कळेल? आणि कोणता बदल करून पाहायचा? कोणत्याही शाळेचा आराखडा या तीन प्रश्नांपुढे धरला की त्यातले पोकळ भाग लगेच उघडे पडतात.

कायद्याने आलेला आराखडा: अमेरिकेचा अनुभव

२००२ च्या जानेवारीत अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्याने अमेरिकेतील सार्वजनिक शाळांवर दरवर्षीच्या प्रगतीचे उद्दिष्ट लादले. केंद्रीय मदत घेऊन सलग दोन वर्षे ते न गाठणाऱ्या शाळेला सुधारणा आराखडा लिहिणे भाग पडले, आणि २०१३-१४ पर्यंत सर्वच मुले वाचन व गणितात प्रवीण व्हावीत, असे ठरवण्यात आले. ते कुठल्याच राज्याला साधले नाही. भीतीपोटी लिहिलेल्या आराखड्यांत परीक्षेच्या उंबरठ्यावरच्या मुलांवर भर देणे आणि चाचणीत नसलेले विषय बाजूला सारणे, असे मार्ग निघाले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या नव्या कायद्याने हे उद्दिष्ट मागे घेतले. आता केंद्रीय मदत घेणाऱ्या शाळांपैकी सर्वांत मागच्या पाच टक्के शाळा आणि ज्यांची एक तृतीयांशाहून अधिक मुले शिक्षण पूर्ण न करताच बाहेर पडतात अशी हायस्कुले निवडली जातात. त्यांनी पालक, शिक्षक आणि स्थानिक लोकांना बरोबर घेऊन, पुराव्यावर आधारलेल्या उपायांचा आराखडा करायचा असतो.

कायद्यापेक्षा अधिक शिकण्यासारखा आहे तो शिकागो शहराचा अनुभव. तिथे १९८८ च्या सुधारणा कायद्याने प्रत्येक शाळेला निवडून आलेली स्थानिक परिषद दिली. पालकांची संख्या सर्वाधिक असलेली ही परिषद शाळेचा आराखडा आणि अंदाजपत्रक मंजूर करते, शिवाय मुख्याध्यापकाशी चार वर्षांचा करारही तीच करते. आराखड्याला इतके अधिकार जोडल्याची उदाहरणे जगात फार नाहीत. तरीही शहरातली हायस्कुले बराच काळ जागची हलली नाहीत. हलली ती एका साध्या निर्देशकामुळे.

शिकागो विद्यापीठातील शालेय संशोधन केंद्राच्या एलेन ऑलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की नववीच्या वर्षाअखेरीस मूल रुळावर आहे की नाही, यावरून ते चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करील की नाही, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. रुळावर असण्याची व्याख्याही सोपी ठेवली होती. वर्षभरात किमान पाच पूर्ण विषयांचे श्रेयांक मिळालेले असावेत आणि मुख्य विषयांत एकाहून अधिक सत्र-नापास नसावा. अशा मुलांपैकी ८१ टक्के मुले चार वर्षांत हायस्कूलच्या शेवटापर्यंत पोचली. घसरलेल्यांपैकी पोचली फक्त २२ टक्के. पुढच्या अभ्यासात असेही दिसले की नववीतली अनुपस्थिती आधीच्या परीक्षांतल्या गुणांपेक्षा नापासीची पूर्वसूचना अधिक चांगली देते.

या निष्कर्षाने शिक्षकांच्या बैठकीचे स्वरूप बदलले. आता दर काही आठवड्यांनी घसरू लागलेल्या मुलांची नावनिशीवार यादी शाळेत येऊ लागली, आणि बैठकीत या मुलासाठी या आठवड्यात कोण काय करणार हे ठरू लागले. नववीत रुळावर असलेल्या मुलांचे प्रमाण २००७ मध्ये सुमारे ५७ टक्के होते. २०१३ पर्यंत ते ८२ टक्क्यांवर गेले. शिक्षकांनी हात सैल सोडून गुण दिले असतील, ही शंका रास्त होती. पण ज्या शाळांत आधी सुधारणा झाली त्यांचे विद्यार्थी पुढच्या इयत्तांतही टिकून राहिल्याचे आढळले.

याच शहराने आकड्यांचा धोकाही दाखवला. शाळा सोडून गेलेल्या काही मुलांची नोंद ‘बदलून गेले’ किंवा तत्सम कारणाखाली झाल्याचे पत्रकारांनी उघड केले, आणि २०१५ मध्ये शिक्षण विभागाला आधी जाहीर केलेले हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण खाली आणावे लागले. एखाद्या आकड्यावर नोकरी, निधी किंवा प्रतिष्ठा टांगली की तो आकडाच बिघडू लागतो. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हेच नियम म्हणून मांडले होते.

भारतातील वाटचाल

शाळेने स्वतःचा आराखडा स्वतः करावा, हा विचार भारतात अमेरिकी कायद्यांच्या बराच आधीचा आहे, आणि त्याचे मोठे श्रेय कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या जे. पी. नाईक यांना जाते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. देशाच्या शिक्षणाचे नियोजन दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांत होते, ते प्रत्येक संस्थेपर्यंत उतरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. संस्थानिहाय नियोजन असे त्याला नाव मिळाले. नाईक यांच्या मांडणीत नव्या पैशांपेक्षा हाती असलेल्या साधनांच्या पुरेपूर वापरावर भर होता. शाळेने वर मागणीपत्र पाठवू नये, आपल्या हातात असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करावी. माध्यमिक शाळेने आसपासच्या प्राथमिक शाळांना धरून एकत्र काम करावे, ही शाळासमूहाची कल्पनाही याच आयोगाची. ती २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा आली आहे.

कायद्यात आराखडा आला तो २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याने. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन झाली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी अट आहे. कलम २२ ने या समितीवर विकास आराखड्याची जबाबदारी टाकली आणि शासनाच्या अनुदानाचा पायाही तोच ठरवला. केंद्राच्या नमुना नियमांत आराखडा तीन वर्षांचा आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे असावेत असे म्हटले आहे. त्यात काय असावे, याची नियमांतली यादी बोलकी आहे. इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे जादा शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा आणि लागणारा पैसा. मुले काय शिकली याचा त्या यादीत उल्लेख नाही. आराखडा मागणीपत्र का होतो, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते. नाईक यांना जे नको होते, तेच नियमाने पुढे आणले.

हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीसाठी २००९ मध्ये राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान सुरू झाले आणि त्याने माध्यमिक शाळांत शाळा व्यवस्थापन व विकास समित्या आणल्या. २०१८ मध्ये हे अभियान सर्व शिक्षा अभियानाबरोबर समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले. या योजनेतून सरकारी शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान मिळते. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये आणि २५१ ते १००० पटाच्या शाळेला ७५ हजार रुपये, असे त्याचे टप्पे आहेत. वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता हे सगळे यातूनच भागवायचे असते, त्यामुळे आराखड्यातल्या नव्या कल्पनेसाठी फार थोडे शिल्लक राहते.

शाळेच्या आत पाहायला लावणारे पहिले देशव्यापी साधन म्हणजे शाळासिद्धी. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठाने २०१५ मध्ये आणलेल्या या चौकटीत सात क्षेत्रे आणि ४६ गाभा मानके आहेत. शाळेने प्रत्येक मानकावर स्वतःची पातळी ठरवायची, मग बाहेरच्यांकडून मूल्यमापन करून घ्यायचे आणि शेवटी सुधारणेचा कृती आराखडा भरायचा, असा तिचा क्रम आहे. चौकट विचारपूर्वक केलेली आहे यात शंका नाही. महाराष्ट्रात ती आली तेव्हा शाळा ‘अ’ श्रेणीत आणण्याची चढाओढ लागली आणि स्वयंमूल्यमापन हे प्रामाणिक निदान राहण्याऐवजी श्रेणीचा अर्ज झाले. आपली शाळा कमी पातळीवर आहे असे लिहिणाऱ्या मुख्याध्यापकाला त्या पातळीमुळे मदत मिळणार नसेल आणि विचारणा मात्र होणार असेल, तर तो तसे लिहिणार नाही. आता राज्यात १२८ मानकांची शाळा गुणवत्ता मूल्यांकनाची नवी चौकट आली आहे. मानके ४६ असोत की १२८, प्रश्न तोच राहतो: भरलेल्या माहितीचा शाळेतल्या शिक्षकांना पुढच्या महिन्यात काय उपयोग होतो?

नववी

महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाची रचना इतर अनेक राज्यांहून वेगळी आहे. इथल्या बहुसंख्य माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या आणि शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या आहेत. थेट सरकारी माध्यमिक शाळा म्हणजे महापालिकांच्या शाळा, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदांची हायस्कुले. मराठवाड्यात ही हायस्कुले ‘प्रशाला’ म्हणून ओळखली जातात. हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या कित्येक सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या, त्यामुळे तिथे त्यांची संख्या लक्षणीय आहे. ज्यांना खाजगी शाळेचे शुल्क किंवा तालुक्याला जायचे बसभाडे परवडत नाही, अशा घरांतली मुले प्रशालेत येतात. आराखडा चांगला होण्याची गरज इथेच सर्वाधिक आहे.

या शाळांचे मोजमाप एका आकड्यावर होते, तो म्हणजे दहावीचा निकाल. शंभर टक्के निकालाचा फलक गावाच्या वेशीवर लागतो आणि तो लागावा असे शिक्षकांनाही मनापासून वाटते. पण हा आकडा परीक्षेला बसलेल्यांचा असतो. बसायलाच न आलेली मुले त्यात कुठेच नसतात. आठवीपर्यंत मुलांना मागे न ठेवण्याचे धोरण अनेक वर्षे होते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून अमलात आली. तरीही खरी चाळणी नववीतच लागते. काही शाळांत कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा, असे सुचवले जाते. फॉर्म भरला जातो, पण त्या मुलाकडे पुढे कोणी लक्ष देत नाही. शाळेचा निकाल चांगला लागतो आणि मूल हरवते.

म्हणून सरकारी माध्यमिक शाळेच्या आराखड्यात दहावीच्या निकालाशेजारी आणखी एक आकडा असायला हवा: जून महिन्यात नववीत बसलेल्या मुलांपैकी दोन वर्षांनी किती मुले दहावी उत्तीर्ण झाली. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण लागत नाही. नववीचे हजेरीपत्रक, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची नोंदवही आणि मंडळाच्या निकालाची यादी शेजारी ठेवली की एका दुपारी तो निघतो. बदली होऊन गेलेल्या मुलांना वगळताना त्यांनी दुसऱ्या शाळेत खरोखर प्रवेश घेतला आहे याची खात्री करावी लागते. शिकागोत गोंधळ झाला तो इथेच. हा आकडा पहिल्यांदा काढणाऱ्या शाळेला तो पाहून वाईट वाटेल. तो वर पाठवायची घाई न करता आधी शिक्षकांच्या खोलीत मांडावा, म्हणजे तो खरा राहील.

आराखडा कसा उभा राहतो

कामाची सुरुवात निदानाने होते. मुलांना सातवी-आठवीचे गणित येते की नाही, हे गृहीत धरणे धोक्याचे असते. ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या फेरीत १४ ते १८ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही, आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. हीच मुले नववीत बहुपदी आणि वर्गमुळे शिकायला बसतात.

निदान गुणांवर थांबले तर फारसे उपयोगी पडत नाही. जूनअखेर नववीच्या एका तुकडीला भागाकाराची दहा गणिते दिली, असे समजू. ज्याला चार गुण मिळाले त्याला ‘कच्चा’ म्हणून जादा तासाला बसवले जाते. वही उघडून पाहिली तर मात्र वेगळेच दिसते. एक मुलगा ६१२ ला ६ ने भागून उत्तर १२ काढतो. त्याला सहाचा पाढा येतो, भागाकाराची रीतही येते. भागाकारात शून्य मांडायचे राहिले, म्हणजे दशकस्थानाची समज कच्ची आहे. त्याच्या शेजारच्या मुलीला पाढाच येत नाही, पण शून्य कुठे मांडायचे हे तिला नीट कळते. तिसरा मुलगा दोन्ही जाणतो, त्याला फळ्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत आणि तो शेजाऱ्याचे उतरवतो. तिघांचे गुण सारखे असले तरी उपाय तीन आहेत, आणि तिसऱ्याचा उपाय चष्मा आहे. एका तुकडीच्या वह्या अशा वाचायला दोन शिक्षकांना दोन तास पुरतात. आराखड्यातल्या कुठल्याही रकान्यापेक्षा हे दोन तास अधिक कामाचे आहेत.

हजेरीचेही तसेच. सरासरी हजेरी ८० टक्के असे लिहिले की काहीच कळत नाही. सगळी मुले पाचातला एक दिवस येत नसतील किंवा पाचातले एक मूल कधीच येत नसेल, सरासरी तीच निघते. बीडसारख्या जिल्ह्यातल्या प्रशालेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे गाळप सुरू झाले की आईवडिलांबरोबर मुलेही ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जी मागे राहतात त्यांच्यातल्या मुलींवर घर आणि धाकटी भावंडे येऊन पडतात. दोन्ही अनुपस्थिती हजेरीपत्रकात सारख्याच दिसतात. आराखड्यात त्या वेगळ्या मांडल्या तरच पहिल्या प्रकारासाठी गावातच राहण्याची सोय आणि नातेवाइकांशी बोलणे, आणि दुसऱ्या प्रकारासाठी पालकांची भेट व तासिकांच्या वेळेत लवचीकपणा, असे उपाय सुचतात. शिवाय हे काम सप्टेंबरमध्ये व्हायला हवे. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यावर घरोघरी फिरून उपयोग नसतो.

निदानानंतर उद्दिष्ट. ‘गणिताची गुणवत्ता वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवाळीच्या सुट्टीपूर्वी नववी ब मधील किमान ४० मुलांना तीन अंकी भागाकार अचूक यावा’ हे उद्दिष्ट आहे, कारण ते साधले की नाही यावर दोन माणसांचे दुमत होणार नाही. वर्षाला अशी दोन किंवा तीन उद्दिष्टे पुरतात. वीस उद्दिष्टांचा आराखडा लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला समाधान देतो, पण ऑगस्टनंतर तो कोणी उघडत नाही.

बदल लहान प्रमाणात करून पाहणे, हा या पद्धतीचा गाभा आहे आणि सरकारी व्यवस्थेला तोच सर्वांत अवघड जातो. व्यवस्थेची सवय परिपत्रकाची: एक उपाय, सगळ्या शाळा, एकच तारीख. चक्राची रीत उलटी असते. एका तुकडीत तीन आठवडे तासिकेची पहिली दहा मिनिटे स्थानिक किमतीसाठी द्यावी. काय होईल याचा अंदाज आधी लिहून ठेवावा. तीन आठवड्यांनी तीच गणिते नव्या आकड्यांनी द्यावी. मुले सुधारली तर हा उपाय दुसऱ्या तुकडीत न्यावा, नाही तर का सुधारली नाहीत ते वह्यांत शोधून उपाय बदलावा. यासाठी एक पान पुरते. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, आता काय. महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत अशी पाने वाचली गेली, तर एका शाळेचा फसलेला उपाय दुसऱ्या शाळेचे तीन आठवडे वाचवू शकतो.

आढाव्याला शाळेच्या वर्षात जागा आधीच असतात. पहिली घटक चाचणी, प्रथम सत्र परीक्षा आणि दुसरी घटक चाचणी संपल्यावर गुणतक्ते तयार होतातच. त्या प्रत्येक वेळी शिक्षकांनी दीड तास बसून फक्त उद्दिष्टांवर बोलावे. विकास समितीतल्या पालकांना बोलवायचे तर सभा संध्याकाळी ठेवावी लागते, कारण मजुरी बुडवून सकाळी अकराला कोणी येत नाही. आकडे तक्त्यात देण्याऐवजी बोलून सांगितले तर पालक स्वतःहून कारणे सांगतात. रस्ता, शेवटची बस, पाणी भरण्याची वेळ ही कारणे शिक्षकांना सुचलीच असती असे नाही.

अडचणी

सर्वांत मोठी अडचण माणसांची आहे. मुख्याध्यापकाचे पद रिक्त आणि कारभार प्रभारीकडे, गणित-विज्ञानाचा शिक्षक नाही, असलेला बदलीच्या यादीत, अशी स्थिती अनेक सरकारी माध्यमिक शाळांत असते. ज्याने आराखडा लिहिला तो दुसऱ्या वर्षी तालुक्याबाहेर असतो. येणारा नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण मागच्याने भरलेला ऑनलाइन नमुना त्याला काहीच सांगत नाही. आधी सांगितलेली एकेक पानाची टिपणे शाळेत राहिली तर हे नुकसान बरेच कमी होते.

दुसरी अडचण वेळेची. हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे, पण माहिती भरण्याचे काम या कलमात कुठेच मोजले जात नाही. यू-डायस, सरल, शिष्यवृत्ती, आधार, पोषण आहार, प्रत्येकाची वेगळी प्रणाली आणि वेगळी मुदत असते. एकच पट चार ठिकाणी भरणाऱ्या शिक्षकाकडे वह्या वाचायला दोन तास उरत नाहीत. सुधारणेची नवी चौकट आणण्यापूर्वी जुनी एखादी माहिती बंद करणे, ही वरच्या कार्यालयाला करता येण्याजोगी सर्वांत मोठी मदत आहे.

तिसरी अडचण पैशाच्या आणि शाळेच्या वर्षाची. शाळा जूनमध्ये सुरू होते, आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. निधी अनेकदा वर्ष संपता संपता हाती येतो आणि मार्चअखेर खर्च करावा लागतो. जुलैत हवे असलेले गणित साहित्य मार्चमध्ये घेतले तर ते त्या वर्षीच्या मुलांच्या हाती पडत नाही. नमुना नियमांप्रमाणे आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. प्रथम सत्राचे निकाल तोवर आलेले असतात. म्हणून निधीची मागणी त्या निकालांवरून डिसेंबरमध्ये आणि वर्गातल्या कामाचा आराखडा जूनमध्ये निदानानंतर, असे दोन कागद वेगळे ठेवणे शाळेच्या सोयीचे आहे.

शेवटची अडचण विश्वासाची. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत कागदावरची आणि प्रत्यक्ष वर्गातली संख्या यांत मोठी तफावत निघाली. तेव्हापासून शाळेने दिलेल्या आकड्याकडे संशयाने पाहणे ही कार्यालयांची सवय झाली, आणि आकडा देताना जपून देणे ही शाळांची. सुधारणेच्या आराखड्यातले आकडे मात्र वाईट असतानाच उपयोगी असतात. त्यामुळे विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांच्या भेटींचे दोन प्रकार करावे लागतील. एका भेटीत हजेरी, पट, खर्च यांची तपासणी पूर्ण कडकपणे व्हावी. दुसऱ्या भेटीत अधिकाऱ्याने शिक्षकांबरोबर बसून नववीच्या वह्या वाचाव्यात, आणि त्या भेटीतली नोंद शाळेच्याच दप्तरी राहावी.